कळण्याचं वय

इग्नास मास्तर बोलायला उभा राहिला की छबूबाईला जांभई येई, आणि ती जांभई लपवण्याचे कष्ट ती कधी घेत नसे. गावाकडे मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवलेला हा माणूस आता पिंपरीत औषधाच्या कारखान्याच्या गेटवर हजेरी घेत होता. पण रविवारी काळा कोट चढवला की तो स्वतःला पोपच्या खालोखाल समजू लागे. कारखान्यामागे पोट भरायला आलेल्या नगरकडच्या कॅथलिकांच्या पोरांना प्रार्थना आणि धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. पोरं त्याला भीत होती आणि मोठी माणसं त्याला मान देत होती. छबूबाई कारखान्यात बाटल्या धुवायची. आत घाण राहिलेली बाटली बाहेरून कितीही चकचकीत असली तरी तिला ओळखू येई, असं ती स्वतःच म्हणे.

त्या रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या देवळात, सभा भरली होती. दृढीकरणासाठी मुलांचं वय किती असावं, हा सभेचा विषय. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, त्यात पोराचं काही चालत नाही. दृढीकरणाला मात्र पोरानं स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, बिशपनं त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावायचं, गालावर हलकी चापट मारायची, आणि तिथून पुढे ते पोर विश्वासात पक्कं झालं असं धरायचं. त्यांचे बिशप वर्षभरासाठी परदेशी जाणार होते. त्यांच्या जागी एक पाहुणे बिशप पुढच्या रविवारी एकदाच पिंपरीत येऊन हा संस्कार करणार होते. जो या वेळी राहिला तो वर्षभर तरी राहिलाच.

"सात वर्सं फुरं," लाझरस त्रिभुवन म्हणाला. "सात वर्सांच्या पोराला बरं-वाईट कळतं, आसं खुद्द पुस्तकात लिवलंय. आन् आमची रजिना तर चौदाची हाय. तिला समदं कळतं."

लाझरस हा छबूबाईच्या मेलेल्या बहिणीचा नवरा. बहीण गेल्यापासून रजिना छबूबाईच्याच हाताखाली वाढली होती. गवंड्यांचा मुकादम, आवाज मोठा, अक्कल बेताची. पोरगी कितवीत आहे हे ज्याला कधी धड सांगता आलं नाही, तो आज पवित्र आत्म्यावर बोलत होता. कशासाठी, ते छबूबाईला पक्कं ठाऊक होतं. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन असलेला एक मनवेल नावाचा बिजवर त्यानं रजिनासाठी हेरला होता. वय छत्तीस, पहिल्या बायकोची दोन पोरं, मिशीला कलप. दृढीकरण झाल्याशिवाय मुलीचं लग्न देवळात जाहीर करायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज होता. मनवेलची आई वर्षभर थांबायला तयार नव्हती, तिला घरात भाकरी थापायला माणूस आत्ता हवं होतं. मे महिन्यात रजिनाला पंधरावं पुरं झालं की बार उडवायचा, असं ठरत आलं होतं. मग खडकीच्या सिस्टरांची शाळा बंद, आठवीची पुस्तकं बंद, आणि पोरगी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दुसऱ्याच्या पोरांची आई.

हे थांबवायचं तर रजिनाचं दृढीकरण या वेळी चुकायला हवं होतं. म्हणून छबूबाई, जिला मास्तरचं तोंड बघवत नसे, त्या दिवशी मास्तरच्या बाजूने होती.

मास्तरचं म्हणणं, पंधरा पुरी झाल्याशिवाय कुणालाही उभं करू नये. "ख्रिस्ताचा सैनिक व्हायचं म्हणजे काय खेळ आहे काय?" तो म्हणाला. "बुद्धी परिपक्व पाहिजे!" छबूबाई मनातल्या मनात थुंकली. मागच्या खेपेला बिशपांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नावर मास्तरची बारा-बारा वर्षांची पोरं छपराकडे बघत राहिली होती आणि मास्तरची अब्रू पार गेली होती. त्या भीतीनेच बुद्धी परिपक्व व्हायला हवी होती, बाकी काही नाही. मास्तरला स्वतःला पन्नाशी उलटली तरी ती झालेली कुणी पाहिली नव्हती.

"मास्तर खरं बोलत्यात," छबूबाई उठून म्हणाली. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, कारण हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "आमच्या रजिनाचंच बघा. दिसायला थोराड, पन डोक्यात काय न्हाई. घरात मीठ-साखर वळखत न्हाई ती. दृढीकरन म्हंजी काय, त्ये तिला सात जल्मात कळायचं न्हाई. पार ठोंब्या पोर हाय."

रजिना बायकांच्या रांगेतच, खांबाला टेकून बसली होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कुणी फिदीफिदी हसलं. तिने मान खाली घातली. छबूबाईला बरं वाटलं. मान खाली घातलेली पोर आणखीच ठोंब्या दिसते, आणि आज तेच हवं होतं.

"ठोंब्या कोन? माझी लेक?" लाझरस उसळला. "कुनाला बी इचारा, खडकीच्या शाळेत पयला नंबर हाय तिचा! तिला समदं कळतं, फादर. आमच्यापरीस जास्ती कळतं!"

पहिला नंबर! छबूबाईने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं पोरीच्या नंबराचा पत्ता नव्हता, तो नेमका आज लागला.

खडकीहून फटफटीवर येणारे गोरे फादर दोन्हीकडचं ऐकून घेत होते. मराठी त्यांना चांगली येई, फक्त ते ती हळू बोलत. ते म्हणाले, "वर्षं मोजून काय करणार? पुढच्या शनिवारी मी प्रत्येकाला स्वतः प्रश्न विचारीन. ज्याला समजलंय तो रविवारी बिशपसाहेबांपुढे येईल. सात वर्षांचा असो की सत्तर वर्षांचा." मास्तर आणि लाझरस, दोघांनीही आपणच जिंकलो अशी मान हलवली.

आठवडाभर छबूबाईने रजिनाच्या कानी एकच गोष्ट घातली. "फादर काय बी इचारू दे, तू गप बसायचं. खाली बघायचं. ईल त्ये बी सांगायचं न्हाई. त्वांड उघाडलंस तर दौंड हाय म्हनून समज." रजिना पीठ मळत ऐकून घेई. हो नाही, की नाही नाही. छबूबाईला वाटे, बहीण तरी अशीच होती. लाझरससारख्या माणसाला तिने अशीच खाली मान घालून माळ घातली, आणि तिसऱ्या बाळंतपणात तशीच खाली मान घालून मरून गेली. या घरातल्या बायकांना तोंड नाही. सगळं तोंड देवाने एकट्या छबूबाईला देऊन टाकलं होतं.

शनिवारी शेडच्या दारात पोरांची रांग लागली. मास्तर घाम पुसत उभा, लाझरस नवा फेटा बांधून हजर. लहान पोरांनी निम्मीअर्धी उत्तरं दिली, फादरांनी ती हसून चालवून घेतली. मग रजिना पुढे आली.

"दृढीकरणाने काय मिळतं?"

छबूबाईने डोळ्यांनी दटावलं. रजिनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पवित्र आत्म्याचं बळ," ती म्हणाली.

"ते बळ कशासाठी?"

"खरं असेल ते चारचौघांत बोलायला. घाबरून लपवायचं नाही म्हणून."

"आणि गालावर चापट का मारतात?"

"बोलल्यावर मार बसला तर सोसता यावा म्हणून."

फादरांनी आणखी काही विचारलं, तिने तेही सांगितलं, सावकाश, एक शब्द न अडखळता. मास्तर तर फुलून गेला. हे सगळं आपण शिकवलं असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पंधरा पुरी व्हायला हवीत हा हट्ट तो जागच्या जागी विसरला. लाझरस शेजाऱ्याच्या पाठीत थापा मारत सुटला. आणि छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्या आल्या तिने पोरीला धारेवर धरलं. "तुला म्या काय सांगितलं हुतं? आपल्या पायानं खाटकाकडं चाललीस व्हय गं? आन् त्ये बी शाबासकी घ्यायला!"

"मला येत होतं, ते मी सांगितलं," रजिना म्हणाली.

"यीत हुतं! मोठी शहानी! भाकरी थापताना म्हन तिथं, पवित्र आत्म्याचं बळ!" छबूबाईने हातातलं भांडं आपटलं. बापाची कीव तिला कधीच आली नव्हती, आता पोरीचीही येईना. जिला वाचवायला आपण चारचौघांत मास्तरची तळी उचलली, तिला वाचायचंच नव्हतं. हुशारी हुशारी म्हणतात ती हीच, पहिला नंबर मिळाला की बाकी घर जळेना का.

रविवारी शेडला आंब्याच्या डहाळ्या लावल्या होत्या. पाहुणे बिशप उंच, म्हातारे, थकलेले. लॅटिनमध्ये पुटपुटत ते एकेका मुलापुढे येत. प्रत्येक मुलामागे त्याची धर्ममाता नाहीतर धर्मपिता उभा, उजवा हात मुलाच्या खांद्यावर. रजिनाच्या खांद्यावर छबूबाईचाच हात होता, कारण दुसरं होतंच कोण? तो खांदा थरथरत नव्हता. बिशपांनी कपाळाला तेल लावलं, गालावर दोन बोटं टेकवली आणि पुढे सरकले. झालं. याच्यासाठी आठवडाभर कल्ला! छबूबाईने मागे वळून पाहिलं. तिसऱ्या बाकावर मनवेल बसला होता, शेजारी त्याची आई. म्हातारीचे डोळे रजिनाच्या मनगटांवर होते, जात्यावर टिकतील का हे बघावं तसे.

मिस्सा झाल्यावर लोक चहासाठी बाहेर मांडवात जमले. बिशप खुर्चीवर, फादर शेजारी. लाझरसला आता एक मिनिट धीर नव्हता. त्याने रजिनाचा दंड धरून तिला पुढे आणलं, मनवेलला बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फादर, बिशपसाहेबांचा आशीर्वाद द्या या दोघास्नी. म्हैन्या-दोन म्हैन्यात देवळात लगीन जाहीर करायचं. आता पोरगी पक्की झाली."

फादरांनी बिशपांना काहीतरी सांगितलं. बिशपांनी मनवेलकडे पाहिलं, रजिनाकडे पाहिलं आणि फादरांच्या कानाशी लागले. फादर रजिनाकडे वळले. "बिशपसाहेब विचारतात, तुला हे लग्न मान्य आहे?"

मांडवात कुणाला हा प्रश्न प्रश्न वाटला नाही. लाझरसने तर चहाची कपबशी तोंडाला लावलीसुद्धा होती.

"नाही," रजिना म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाही. मला शिकायचंय."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. लाझरसच्या सदऱ्यावर चहा सांडला नाही इतकंच. "आगं, काय बोलतीस? फादर, तिच्याकडं ध्यान देऊ नगा! चौदा वर्सांचं पोर त्ये! तिला काय कळतंय!"

"तिला समदं कळतं!" छबूबाई गर्दीतून ओरडली.

आधी बायकांत कुणीतरी हसलं, मग पुरुषांत, आणि मग सबंध मांडव हसायला लागला. गेल्या रविवारी हीच दोघं शेजारच्याच शेडमध्ये नेमकं उलट बोलली होती, आणि ते न ऐकलेला माणूस तिथे कुणी नव्हता. फादर हसले नाहीत. ते लाझरसला म्हणाले, "तुम्हीच मला सांगितलंत की हिला समजतं. मी तपासून पाहिलं, समजतं. ती नाही म्हणाली की माझ्या देवळात हे लग्न जाहीर होणार नाही." मनवेलची आई उठली, लेकाला म्हणाली, "चल रं, गाडी चुकंल," आणि जाता जाता दोन बन पदरात टाकून गेली.

छबूबाईचा ऊर भरून आला होता. लोक हसले ते तिच्या खिजगणतीतही नव्हतं. गर्दीतून वाट काढत ती रजिनाजवळ पोचली आणि तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझी वाघीन! कशी त्वांडावर बोललीस! म्या म्हनतच हुते..."

"तू काय म्हणत होतीस ते मी ऐकलंय, मावशी," रजिना म्हणाली. "मी तिथंच बसले होते."

"आगं, त्ये तुझ्या भल्यासाठी! तुला दौंडला जाया लागू न्हाई म्हनून..."

"आप्पाही भल्यासाठीच म्हणत होते." तिने मावशीचे हात हळूच बाजूला केले. "तुम्हा दोघांचं आठवडाभर माझ्यावरून भांडण चाललं होतं. एकदा तरी मला विचारायचं होतं."

ती रागात नव्हती. राग असता तर छबूबाईने तो परतवला असता, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पोर तिच्याकडे जशी बघत होती, तसं बघणं छबूबाईला चांगलं ओळखीचं होतं. आयुष्यभर ती मास्तरकडे आणि लाझरसकडे तशीच बघत आली होती. फरक एवढाच, की त्या बघण्याच्या समोर उभं राहायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

चहाच्या पातेल्यापाशी पोरांची बन घ्यायला झुंबड उडाली होती. रजिना तिकडे गेली आणि सात-आठ वर्षांच्या पोरांच्या मागे, आपला नंबर यायची वाट बघत उभी राहिली.