नुरहानची जागा

बर्गनमध्ये सेवालच्या तोंडून निघालेलं पहिलं नॉर्वेजियन वाक्यसुद्धा तिचं स्वतःचं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती दोन बॅगा ओढत, भर पावसात चढ चढून तुरीदच्या दाराशी पोचली. तुरीद तिची घरमालकीण. सत्तरीची, उंच, हाडापेरानं मजबूत. एकतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं तपासून निवृत्त झालेली. दार उघडताच सेवालनं विमानात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मी आल्यानं तुमची अडचण तर झाली नाही ना?"

तुरीदचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! तिकडं बसून एवढं शिकलीस? तुझ्या खोलीत आधी एक जर्मन होता. दोन वर्षं राहिला, पण त्याला पाणीसुद्धा धड मागता येईना."

"एक वही आहे, मावशी. तिच्यातनं," सेवाल पुटपुटली.

"मावशी कुणाला म्हणतेस? तुरीद म्हण. आणि ते बूट बाहेर काढ."

वही नुरहानची होती.

सेवाल आणि नुरहान दोघी तुर्कस्तानात, त्राब्झोनला मत्स्यशास्त्र शिकायच्या. सेवाल काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरची, नुरहान वर डोंगरातल्या गावची. पहिल्या वर्षापासून वसतिगृहात एका खोलीत. त्यांच्या विभागातून दरवर्षी एकच विद्यार्थी वर्षभरासाठी बर्गनला जायचा, आणि यंदाची जागा नुरहानची, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. गुणांत ती पहिली होती, सेवाल दुसरी. शिवाय नुरहान वर्षभर त्या वहीत नॉर्वेजियन शब्द उतरवून काढत होती, भात शिजेपर्यंत चुलीशी उभी राहून ते घोकत होती.

फेब्रुवारीत नुरहानच्या आजीला जाऊन चाळीस दिवस होत होते, तिचा चाळिसावा होता. ती गावी गेली. त्याच सोमवारी विभागाच्या दारावर कागद लागला: अर्जाची मुदत शुक्रवारऐवजी बुधवारीच संपणार. ऑफिसातले झेकीभाऊ सेवालला म्हणाले, "तुझी मैत्रीण गावी गेलीय ना? तिला कळव गं, विसरू नकोस."

"कळवते की," सेवाल म्हणाली.

मंगळवारी नुरहानचाच फोन आला. बर्फामुळे गावात फोन लागत नव्हता, म्हणून ती मशिदीमागच्या टेकाडावर चढून आली होती. दोघी दहा मिनिटं बोलल्या. आजीबद्दल, चुलत्यांच्या भांडणाबद्दल, पाहुण्यांसाठी केलेल्या हलव्याबद्दल. ते एक वाक्य सेवालच्या जिभेवर तीनदा आलं. तिनं ते तीनदा गिळलं. मग नुरहान म्हणाली, "बरं, ठेवते. बोटं गारठली," आणि फोन बंद झाला. बुधवारी सेवालनं स्वतःचा अर्ज दिला.

नुरहान गुरुवारी परतली तेव्हा सेवाल रडत होती, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. "नोटीस काल सकाळीच लागली गं. मी तुला चाळीस वेळा फोन केला. लागेचना."

नुरहाननं ऑफिसात जाऊन विचारलंसुद्धा नाही. सेवालनं सांगितलं, म्हणजे झालं. दोन दिवस ती तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "निदान तू तरी जातेयस. दुसरी कुणी गेली असती, तर मी जळून खाक झाले असते." निघायच्या दिवशी बसस्टँडवर तिनं ती वही सेवालच्या हातात कोंबली. "घे. इथं पडून वाया जाईल."

तर ती ही वही.

बर्गनमधले ते पहिले आठवडे खरं तर मजेत जायला हवे होते. पावसाचं सेवालला काही वाटत नव्हतं. ती पावसातच वाढलेली. तुरीद रविवारी वाफल करायची, त्यावर तपकिरी चीजचा पातळ काप ठेवायची आणि सेवालचं तोंड बघत बसायची. "आवडलं नाही ना?" "आवडलं." "खोटं बोलतेस. पहिल्या महिन्यात कुणालाच आवडत नाही." विद्यापीठात तर प्राध्यापकालाही अरे-तुरे करायचं. हाल्वोर पन्नाशीचा, दाढीवाला, विणलेल्या स्वेटरच्या कोपरांना भोकं पडलेली. सेवालनं त्याला "सर" म्हटलं की तो मागं वळून बघायचा. "कोण सर? मला तर कुणी दिसत नाही." त्याच्याकडे समुद्रातल्या पिंजऱ्यांमध्ये वाढवलेल्या सॅल्मन माशांच्या अंगावरच्या उवा मोजायचं काम होतं. दर आठवड्याला बोटीनं जायचं, मासे गुंगीच्या पाण्यात टाकायचे, भिंगाखाली धरून मोजायच्या. सेवालचा हात त्यात चांगला बसला.

पण तिला कौतुक सोसेना. दुकानातली बाई म्हणायची, "किती छान बोलतेस!" ट्राममधला म्हातारा म्हणायचा, "परक्यांनी असं शिकलं पाहिजे." प्रत्येक वेळी तिला ते बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर दिसायचं. पाव, दूध, सुरी, समोरची गल्ली, आज हवा कशी आहे: एकेक शब्द नुरहाननं कमावलेला, आणि ती तो खर्च करत सुटलेली.

त्यात सप्टेंबरमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सेवालचे वडील नव्हते, भाऊ-बहीण नाही. वरच्या मजल्यावर काकू होती, पण तिचे गुडघे दुखायचे. आईनं फोनवर सांगितलं, "काळजी करू नकोस. नुरहाननं नेलं-आणलं सगळं. आता रोज सकाळी येते, थेंब घालून जाते. काल माझ्यासाठी मक्याची भाकरी करून आणली. तुझ्या मैत्रिणीसारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, बाई."

"हो," सेवाल म्हणाली.

"एवढंच? हो? तिचे आभार मान की नीट. पोरगी दोन बस बदलून येते."

सेवालनं नुरहानला निरोप लिहायला घेतला. तो चार ओळींचा झाला, मग दोन, मग फक्त "थँक्यू गं". उत्तर लगेच आलं: "वेडी आहेस का. तिकडं मासे कसे आहेत ते सांग."

सप्टेंबरच्या शेवटी हाल्वोरनं तिला थांबवलं. "जानेवारीपासून मला अजून एक जण हवा आहे. हात स्थिर पाहिजे, तुझ्यासारखा. तुझ्या विभागात आहे का कुणी? अर्ज पंधरा ऑक्टोबरपर्यंत."

"बघते," सेवाल म्हणाली.

आणि ऐका, खरी शरमेची गोष्ट पुढंच आहे. तिनं त्या दिवशी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाशी म्हणाली, उद्या. नुरहान इथं आली तर आठवड्याभरात सगळ्यांना कळेल की दोघींत हुशार कोण. आणि तुरीदशी ती नुसती पाठ केलेली वाक्यं बोलणार नाही, गप्पा मारेल. असे सहा दिवस गेले. फेब्रुवारीत तीन दिवस गिळलं होतं, आता सहा.

सातव्या दिवशी दुपारी ती घरी आली, तर तुरीद स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पुढ्यात ती वही.

"शेगडीजवळ राहिली होती, ओली होईल म्हणून उचलली," तुरीद म्हणाली. "शेवटचं पान बघितलं. रागावू नकोस. पण ही नुरहान कोण?"

सेवालनं ते पान कधी उघडलंच नव्हतं. नुरहाननं तिथं स्वतःची ओळख करून द्यायचा सराव केला होता. एकाखाली एक, अकरा वेळा: माझं नाव नुरहान. मी बर्गनमध्ये शिकते. मला इथं खूप आवडतं. पहिल्या दोन ओळींत चुका होत्या. शेवटच्या ओळीत एकही नव्हती.

सेवाल खुर्चीत बसली ती कोटासकट. मग तिनं सगळं सांगितलं. झेकीभाऊ, टेकाड, हलवा, चाळीस खोटे फोन, आईचे थेंब आणि हे सहा दिवस. निम्मं इंग्रजीत, निम्मं नुरहानच्या शब्दांत. तुरीदनं मध्ये एकदा उठून कॉफीचं भांडं शेगडीवरून उतरवलं, तेवढंच. सेवालचं बोलून झालं तेव्हा ती वाट पाहत राहिली, ही म्हातारी आता पाठीवर हात ठेवेल किंवा घराबाहेर काढेल.

तुरीद म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? माझं काय गेलं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, मी ऐकलं की थोडं हलकं होईल. झालंही असेल. पण तिचं काय? जा, फोन कर. आणि कोट काढ आधी, खुर्ची भिजली."

सेवाल आपल्या खोलीत गेली. त्राब्झोनला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. नुरहाननं दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. "मावशी बऱ्या आहेत, घाबरू नकोस," ती आधीच म्हणाली.

"आईसाठी नाही केला. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही."

नुरहान मध्ये बोलली नाही. सेवालचं सांगून संपलं. पलीकडं कुठंतरी चहाच्या पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

"मंगळवारी," शेवटी नुरहान म्हणाली. "मंगळवारी मी टेकाडावर होते."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुला सांगत होते, हलव्यात साखर कमी पडली आणि चुलत्यानं तोंड वाकडं केलं."

सेवालनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तू हसलीस," नुरहान म्हणाली.

"मी परत येते, नुरहान. विभागाला लिहिते, सगळं सांगते, जागा सोडते..."

"परत येऊन काय करणार? मोठेपणा? माझे गेलेले महिने तू पिशवीत घालून आणणार आहेस का?" तिचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "मावशींच्या थेंबांचे अजून बारा दिवस राहिलेत. ते मी घालीन. त्यांचा काही दोष नाही. त्यानंतर तुझ्या काकूला सांग. आता त्या अर्जाची मुदत सांग. आणि या वेळी खरी सांग."

"पंधरा ऑक्टोबर."

फोन बंद झाला.

सेवालनं विभागाला पत्र लिहिलंच. विभागप्रमुखांनी तिला चार ओळींत काय म्हणायचं ते म्हटलं. ते तिनं कुणाला दाखवलं नाही. वर्ष मध्येच सोडू नये, परत आल्यावर बघू, असा त्याचा शेवट होता. हाल्वोरलाही तिनं सांगितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "हे तुमचं तुमच्यात. तिचा हात कसा आहे?"

"माझ्यापेक्षा चांगला."

"मग शिफारशीचं पत्र आज पाठवतो."

सगळ्यात जड गेलं आईला सांगणं. आईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे हे कळल्यावरही ती येत होती?"

"बारा दिवस. हो."

"आणि मी तिला रोज तुझं कौतुक सांगत होते," आई म्हणाली. "तिनं कधी 'हूं'सुद्धा केलं नाही. गुपचूप थेंब घालायची आणि जायची. सेवाल, मला बाजारात ती भेटली तर मी कुठं बघू?" पुढचे कित्येक रविवार आई फोनवर हवा, भाजी आणि काकूचे गुडघे एवढंच बोलली.

नुरहानची निवड झाली. ती जानेवारीत आली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिली. सेवाल तिला घ्यायला ट्रामच्या थांब्यावर गेली होती. नुरहाननं तिला एक बॅग धरू दिली, कारण दोन्ही तिला पेलत नव्हत्या. वसतिगृहाच्या दाराशी ती बॅग परत घेतली. "मी माशांसाठी आलेय," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. हे एकदाच सांगते."

प्रयोगशाळेत ती कामापुरतं बोलायची. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसायची. तिथले लोक तिच्याभोवती जमायचे, कारण ती त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत थट्टा करायची, आणि चुकली तर स्वतःच हसायची. सेवाल आपल्या कागदात गुंडाळून आणलेल्या पावाकडे बघत ते हसणं ऐकायची. ते तिला फार ओळखीचं होतं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा दोघींची पाळी एकाच बोटीवर लागली. वारा सुटला होता, पिंजऱ्यांपर्यंत पाऊण तास. नुरहान डोंगरातली; तिला बोट लागली. ती कठड्यावर वाकली आणि बोट हेलकावली, तसं सेवालनं पुढं होऊन तिच्या कोटाची टोपी मागून घट्ट धरली. नुरहाननं हात झटकला नाही. झटकून चालणार नव्हतं. बराच वेळ ती उलट्या करत होती आणि सेवाल पाय रोवून तिला धरून उभी होती, तिच्या मानेवरचे ओले केस बघत. त्राब्झोनच्या वसतिगृहात नुरहान तापानं फणफणली होती तेव्हाही सेवाल तिला अशीच धरून बसली होती.

शेवटी नुरहाननं बाहीनं तोंड पुसलं.

"उलटी थांबली. आता सोड."

सेवालनं सोडलं.

पिंजऱ्याशी पोचल्यावर पहिला मासा टबात आला. नुरहान पांढरीफटक पडली होती, पण तिनं भिंग घेतलं आणि मासा दोन्ही हातांनी असा धरला की तो जागचा हलला नाही. सेवालनं पेन्सिल काढली.

"सात," नुरहान म्हणाली.

"सात," सेवालनं लिहिलं.

"पोटाखाली अजून दोन. घाई करू नकोस, नीट लिही."

"लिहिते."

आणि तिनं नीट लिहिलं.