तरणतलावाचा तळ

आमच्या सप्तपर्णी सोसायटीचा तरणतलाव दोन वर्षं कोरडा होता. त्या दोन वर्षांत आम्ही सगळे तिथं राहायलाच गेलो होतो, असं मला अजून वाटतं. आधी पंप जळला, मग तळाला एक चीर सापडली, मग दुरुस्ती लांबत गेली. पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी मुलांचा चेंडू काढून द्यायला खाली उतरलं आणि खाली गार वाटलं म्हणून तिथंच बसून राहिलं. हळूहळू संध्याकाळी बरेच जण उतरू लागले. उथळ बाजूला मुलं सायकली फिरवायची. उतारावर बायका चटया टाकून मेथी निवडायच्या. आणि अगदी खोल टोकाला, जिथं भिंतीवर ‘५ फूट’ असं रंगवलेलं होतं, तिथं आम्ही म्हातारी माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो.

बसलं की डोकं काठाच्या खाली जायचं. वर आकाशाचा एक लांबट तुकडा दिसायचा. कडुनिंबाची पानं त्यातून गिरक्या घेत इतकी सावकाश खाली यायची, की ती हवेतून येत नसून पाण्यातून येताहेत असं वाटावं. निळ्या फरश्यांमुळे उतरत्या उन्हाचा रंगही बदलायचा. सगळ्यांचे चेहरे किंचित निळसर, किंचित दूरचे दिसायचे. का कोण जाणे, खाली कुणी भांडत नसे. पार्किंगवरून वर्षभर न बोलणारी दोन कुटुंबं मी तिथं एकाच डब्यातले पोहे खाताना पाहिली आहेत.

आणि तिथं माझा आवाज ऐकू यायचा.

हे कसं सांगावं कळत नाही. माझा आवाज जन्मापासून बारीक. नगररचना कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे सांभाळले, त्या कामात बोलावं लागत नसे, म्हणून निभावलं. रिक्षावाल्यालासुद्धा मला पत्ता दोनदा सांगावा लागतो. पण त्या खोल टोकाला, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात बसून बोललो, की माझे शब्द भिंतींवरून भरून परत यायचे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा कोण बोललं म्हणून मी मागं वळून पाहिलं होतं.

त्याच कोपऱ्यात मी वसुधाताईंना वाचून दाखवायचो. त्या बी विंगमध्ये एकट्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आला आणि वाचन बंद झालं. मल्हारगंजातल्या रद्दीवाल्याकडे मला एक जुनी कादंबरी मिळाली होती. तिला कव्हर नव्हतं, पहिली पानंही नव्हती, त्यामुळे नाव ठाऊक नाही, लेखकही नाही. जमीन मोजायला निघालेला एक तरुण वाट चुकतो आणि नकाशात नसलेल्या गावात राहू लागतो, अशी काहीतरी गोष्ट. रोज सहा ते सात मी वाचायचो.

“तुमचा हा मोजणीवाला भलताच बावळट आहे हो, शरदजी,” त्या म्हणायच्या. “ती बाई रोज त्याच्यासाठी दिवा लावून ठेवते आणि हा विचारतो, गावात रॉकेल कुठून येतं!”

“त्याला सुचत नसेल.”

“सुचतं सगळं. हिंमत नाही.”

मी पान उलटायचो.

मी सोसायटीचा सचिव होतो. निवडणुकीत कुणी उभं राहिलं नाही आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच. अध्यक्ष यशवर्धन. सांवेर रोडला त्याचा कारखाना आहे, मनानं चांगला, पण सतत घाईत. यंदा रंगपंचमी झाली आणि त्यानं तलावाचं काम मनावर घेतलं. नवा पंप आला, चीर बुजवली, आणि मार्चअखेरीस बोअरच्या पाण्यानं तलाव काठोकाठ भरला गेला. आमच्या खुर्च्या क्लब हाउसच्या मागं एकात एक रचून ठेवल्या.

“काकासाहब, बस एक काम आपका,” यशवर्धन म्हणाला. “बाल्टी टेस्ट. चोवीस घंटे का नाप लेना है. आपका नाप पक्का रहता है, भिया लोग मानते हैं.”

ही चाचणी अगदी साधी असते. तलावाच्याच पाण्यानं भरलेली बादली पायरीवर ठेवायची. बादलीतल्या पाण्याची खूण करायची आणि बाहेर तलावाच्या पाण्याची. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोजायचं. बादलीतलं पाणी उन्हानंच काय ते कमी होणार. तलावाचं त्याहून जास्त उतरलं, तर गळती आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फूटपट्टी घेऊन गेलो. तलाव सात मिलिमीटर उतरला होता. बादलीही सात मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. गळती नव्हती. काम उत्तम झालं होतं.

पाणी स्वच्छ होतं, आणि त्यातून तो खोल कोपरा दिसत होता. थोडा हलणारा. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग घरी येऊन अहवाल लिहिला: चोवीस तासांत तलावाची पातळी सात मि.मी. खाली गेली. बादलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. खोटं असं मी काहीच लिहिलं नाही, हे तेव्हा मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

यशवर्धननं अहवाल वाचून कपाळावर हात मारला. “यार, फिर लीकेज!” दोन दिवसांनी पाणी बागेत सोडून दिलं. एवढं पाणी, आणि आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. संध्याकाळी तळ अजून ओला असताना मी खुर्च्या पुसून पुन्हा खाली मांडल्या. वसुधाताई कठडा धरून, एकेक पायरी थांबत उतरल्या. पुस्तक उघडून मी वाचायला सुरुवात केली आणि माझा तो भरलेला आवाज परत आला. इतकं सुख मला क्वचित झालं असेल.

पान संपलं तेव्हा त्या गुडघा चोळत होत्या.

“दुखतंय?”

“रोजचंच आहे. ती फिजिओवाली पोरगी म्हणते, आजी, पाण्यात चाला. कमरेएवढ्या पाण्यात रोज अर्धा तास चाललात, तर ऑपरेशन टळेल कदाचित. मी तर गाउनसुद्धा शिवून ठेवला होता हो, पोहण्याचा, पूर्ण बाह्यांचा.” त्या हसल्या. “आता लीकेज निघालं तर निघालं. वाचा पुढं.”

मी पुढं वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगेन, सांगेन म्हणत तीन आठवडे गेले. दुरुस्तीवाले रोज यायचे, लाकडी हातोडीनं फरशी न् फरशी ठोकून कान लावायचे. एकदा त्यांचा मुख्य मिस्त्री माझ्याजवळ येऊन बसला. “साहब, बीस साल से ये काम कर रहा हूँ. ऐसा लीकेज नहीं देखा. कहीं है ही नहीं.” त्याला स्वतःच्याच कामाची शंका यायला लागली होती. संशय आला तिथल्या फरश्या त्यानं उचकटल्या. संध्याकाळी आम्ही त्या उघड्या सिमेंटच्या चौकोनांच्या कडेनं खुर्च्या मांडायचो. मुलांच्या सायकली तिथं अडखळायच्या. मला झोपेत तो हातोडीचा आवाज यायचा, आणि मीच फरशीखाली आहे, हाक मारतोय आणि वर कुणाला ऐकू जात नाही, असं स्वप्न पडायचं. वसुधाताई रोज पायऱ्या उतरत होत्या. आता त्यांना उतरायला माझा हात लागायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये सर्वसाधारण सभा झाली. पंखे घरघरत होते. यशवर्धननं थेट मुद्द्याला हात घातला.

“देखिए, बहुत हो गया. लीकेज मिल नहीं रहा. मेरा प्रस्ताव है, मलबा डालके भर देते हैं, ऊपर पेवर ब्लॉक. बारा गाड़ी की पार्किंग निकल आएगी.”

पार्किंग म्हटल्यावर मागच्या रांगा एकदम जाग्या झाल्या. हात वर होऊ लागले. मी इतिवृत्त लिहीत होतो. पेन थांबलं. दुसऱ्या रांगेत वसुधाताई बसल्या होत्या, एक हात गुडघ्यावर. त्यांचा हात वर नव्हता.

मी उभा राहिलो. “बादलीतलं पाणीही तेवढंच उतरलं होतं,” मी म्हणालो.

“क्या? काका, ज़ोर से.”

“बादलीतलं पाणी.”

“माइक दो रे काकासाहब को!”

माइक हातात आला आणि माझा श्वासच तेवढा सगळ्या हॉलमध्ये ऐकू आला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. बहुतेकांना काही कळलं नाही. सुरुचीला कळलं. ती पुण्याची, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, कमिटीत सगळ्यांत धाकटी.

“एक मिनिट, काका. दोन्ही सारखंच उतरलं म्हणजे लीकेज नव्हतंच?”

“नव्हतं.”

ती मुलगी मनानं फार चांगली आहे. ती माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “म्हणजे तुम्ही बादली बघायला विसरलात ना? होतं असं.”

किती सोपं होतं. या वयात विसरणं सगळे माफ करतात. मी हो म्हणालो असतो, तर लोक हसले असते आणि चहा आला असता.

“नाही,” मी म्हणालो. “बघितली होती. तीनदा मोजली. लिहिली नाही.”

“पण का?”

“मला तिथं खाली बसायला आवडायचं.”

मागून कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं. यशवर्धन डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “क्या काकासाहब, बोल देते! एक बेंच लगवा देता मैं!” तेवढ्यावरच त्यानं भागवलं, हा त्याचा मोठेपणा. सचिवपद सुरुचीकडे गेलं. मिस्त्रीची माफी मी वेगळी मागितली. तो म्हणाला, “चलो, मेरा काम तो सही था.” त्याच्या चेहऱ्यावरचं ते समाधान पाहून मला जास्तच लाज वाटली.

वसुधाताई सभेतून मधेच उठून गेल्या होत्या.

उचकटलेल्या फरश्या परत बसल्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तलाव पुन्हा भरू लागला. भरायला दोन दिवस लागले. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचो. पाणी आधी खोल कोपऱ्यात जमलं, फरशीवर पसरलेल्या आरशासारखं. मग त्यावर कडुनिंबाची पानं तरंगू लागली, ‘५ फूट’मधला आकडा लाटांत तुटू लागला. तळ नाहीसा होत नव्हता, नुसता लांब जात होता. तिथं बसलेली माणसं मला अजून दिसत होती, मेथी निवडणारी, पोहे खाणारी, निळसर. त्यांना पाणी लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वसुधाताई आल्या, पूर्ण बाह्यांचा गाउन घालून. कठडा धरून उथळ बाजूनं उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन थांबल्या. पाण्यानं त्यांचं वजन उचललं असावं, कारण त्यांच्या तोंडून “अगं बाई” निघालं, लहान मुलीसारखं. त्या या काठापासून त्या काठापर्यंत चालल्या. परत आल्या. मी उठून जाणार होतो.

“थांबा. पाण्यात चालायचं मी तुम्हाला कधी सांगितलं होतं?”

“पाणी सोडलं त्याच संध्याकाळी.”

“म्हणजे तीन आठवडे माहीत असून माझा हात धरून उतरवत होतात?”

“हो.”

त्या पुढं गेल्या. पाणी त्यांच्याभोवती गोल गोल उघडत होतं. पलीकडच्या काठाशी पोचून त्या वळल्या आणि तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मी रागावलेय. बरेच दिवस रागावून राहणार आहे. पण नुसतं अर्धा तास चालणं फार कंटाळवाणं आहे. त्या बावळटाचं पुढं काय झालं?”

“पुस्तक आणलं नाही मी.”

“मग तोंडानं सांगा. तुम्ही वाचलं असेलच की एव्हाना.”

वाचलं नव्हतं. त्यांच्याशिवाय पुढचं एक पान मी उलटलं नव्हतं. हे सांगावं, असं जिभेवर आलंही. पण त्या चालत होत्या, माझ्या दिशेनं, आणि मान किंचित तिरकी करून ऐकायला लागल्या होत्या. मी चपला काढल्या, काठावर बसलो आणि पाय पाण्यात सोडले. सूर्य तिसऱ्या मजल्यावर आला होता आणि सगळं पाणी हलत होतं.

“एके दिवशी,” मी जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, “तो त्या बाईच्या दारात गेला, आणि रॉकेलचं काही विचारलं नाही.”