गादीवाल्यांच्या सुनेचं माकडहाड

लोकांच्या बुडाखाली मऊ काय घालावं, याचाच विचार ज्या घरात तीन पिढ्या चालला, त्या घरच्या सुनेला बसता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खाली सोफ्यांचा कारखाना, वर बिऱ्हाड, आणि फोमचा भुसा जिन्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत सगळीकडे. बसायला मऊ जागा नाही असा एक कोपरा त्या घरात शोधून सापडला नसता.

बाळंतपण तिला जड गेलं होतं. मुलगी अंगानं दणकट, डोकं मोठं; कळा देता देता आईचा पार चोथा झाला होता. पुढे टाके भरले, अशक्तपणा गेला, मुलगी रांगायलाही लागली. पण आईच्या कमरेतली कळ आणि त्याखाली माकडहाडाची ठणक जागची हलेना. बसताना दुखे, आणि बसून उठताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. कारखान्यात सोफ्यांची कव्हरं शिवायचं काम तिचं. तिची शिवण दोरी लावल्यासारखी सरळ यायची, म्हणून सासरेसुद्धा तिच्यापुढे जपून बोलत. आता ते मशीन चादरीखाली होतं, आणि तिथे दुसरी बाई बसवायची का, यावर जेवताना चर्चा होत होती.

उपायांना तोटा नव्हता. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? मालिशवाली येऊन गेली, गरम पाण्याचे शेक झाले, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, मधे भोक असलेली रबरी रिंग आणून झाली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "यात तर काहीच दिसत नाही." झालं! डॉक्टर आपल्या कामाला लागले, पण ते वाक्य घरी आलं आणि राहायलाच आलं.

"फोटोत काही नाही म्हणे," थोरली जाऊ भाजी चिरता चिरता म्हणाली. "माकडहाडच ते. माकडचाळे करणारच."

धाकट्यानं, म्हणजे त्या सुनेच्या नवऱ्यानं, वहिनीला तिथल्या तिथे गप्प केलं. बायकोची बाजू घेतल्याचं समाधान त्याला तासभर पुरलं. मग मनात पाल चुकचुकली.

त्याला तसं कारणही होतं. सासऱ्यांनी सुनेसाठी स्वतः गादी भरायला घेतली होती. पहिली तिला टोचली, म्हणून दुसरी अधिक मऊ केली. दुसरीवरही तोंड वाकडं झालं, तेव्हा तिसरी इतकी मऊ भरली की मांजर त्यात बसलं तर शोधावं लागलं असतं. सून प्रत्येक गादीवर बसली, "छान आहे, बाबा," म्हणाली आणि टेबलाची कड धरून, ओठ चावत उठली. म्हाताऱ्याला ते लागलं. त्याच्या गादीबद्दल आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"तिला इथं बसायचंच नाहीये," बाबा मुलाला म्हणाले. "मग गादी कशाचीही भरा."

त्यातच ती म्हणाली की काही महिने आईकडे राहून येते, जरा आराम मिळेल. धाकट्यानं मनात हिशेब मांडला. काही महिने म्हणजे किती? आणि परत आलीच नाही तर? लग्नाआधी तिनं स्वतःचं शिवणाचं दुकान काढायचा बेत केला होता, तोही त्याला नेमका आता आठवला. बायको आणि मुलगी दोघी हातातून निसटत चालल्या आहेत, दुखणं हा नुसता बहाणा आहे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. एकदा डोक्यात असं काही शिरलं की माणूस पुरावा शोधायला लागतो, आणि शोधणाऱ्याला तो मिळतोच.

रोज दुपारी ती मुलीला ढकलगाडीत घालून पाय मोकळे करायला जायची. एका दुपारी "कापडवाल्याकडे जाऊन येतो" असं सांगून तो तिच्या मागे निघाला.

ती कुठल्या भानगडीत सापडली नाही. कोपऱ्यावरच्या बागेत गेली आणि एका दगडी बाकावर बसली. पोस्टाच्या पेटीआड उभा राहून हा बघत होता. आता तोंड वाकडं होईल, मग होईल... पण कसलं काय! कोपर गुडघ्यांवर टेकून, पुढे झुकून ती मुलीला बिस्किट भरवत होती, तिच्याशी बोबडं बोलत होती आणि चक्क हसत होती. असलं हसू त्यानं घरात कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती उठली, तेही झटक्यात, कमरेवर हात न ठेवता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. पुन्हा तेच. संध्याकाळी घरी बाबांच्या गादीवरून उठताना मात्र "आई गं!" म्हणून तिनं टेबल धरलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. नाटक तरी किती हुबेहूब, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच घाबरायला झालं. दगडावर दुखत नाही आणि फोमवर दुखतं? लहान पोरालाही पटणार नाही.

तिला सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यानं आणखी दोन दुपारी त्या पेटीआड घालवल्या.

हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाणं झालं, तेव्हा त्यांनी पुढची पायरी सांगितली. दुखऱ्या जागी इंजेक्शन देता येईल. त्यानंही भागलं नाही, तर ते हाड काढायची शस्त्रक्रियाही असते, पण ती अगदी शेवटी. त्याआधी एकदा फिजिओथेरपीवाल्या बाईंना दाखवा. शस्त्रक्रिया हा शब्द ऐकून बायको पांढरीफटक पडली. धाकटा मनात म्हणाला, आता कळेल. खोटं दुखणं घेऊन कुणी टेबलावर झोपत नाही.

फिजिओबाईंकडे तो मुद्दाम बरोबर गेला. आखूड केसांची, चटपटीत बाई. खोलीत एक उंच पलंग, हवा भरलेला मोठा चेंडू आणि दोन लाकडी स्टुलं. बाईंनी बसायला सांगितलं तरी बायको उभीच राहिली. बाळंतपण कसं झालं, दुखतं नेमकं कुठे, शौचाला त्रास होतो का, रात्री कूस वळताना काय होतं, असं बाई एकेक विचारत गेल्या. आजवर इतकं कुणी विचारलंच नव्हतं. बायको आधी अडखळत आणि मग भडाभडा बोलू लागली. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि कुठे बसलं की दुखणं कमी होतं?"

मान खाली घालून ती म्हणाली, "कुठेच नाही."

"खोटं बोलतेय ती," धाकटा म्हणाला.

त्याचा आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. आता माघार नव्हती. बाग, पोस्टाची पेटी, दगडी बाक, ते हसणं, झटक्यात उठणं, सगळं त्यानं सांगून टाकलं, आणि वर हेही की आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नव्हे, चार वेळा. बायकोनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा मात्र उजळला.

"थांबा, थांबा. बाक दगडाचा? मागे टेकायला काही होतं?"

"नाही."

"आणि बसली होती कशी? ताठ?"

"पुढे वाकून. कोपर असे गुडघ्यांवर."

बाईंनी लाकडी स्टूल पुढे ओढलं. "इथे बसा, तशाच. दुखतंय?"

ती भीत भीत बसली. "नाही... म्हणजे थोडंसंच."

"घरी कशावर बसता?"

धाकटा खाली बघत पुटपुटला, "आमचा गाद्यांचाच धंदा आहे."

बाई मोठ्यानं हसल्या आणि मग जीभ चावली. बसायची आपली दोन हाडं असतात, त्यांनी समजावलं. बूड कडक जागेवर असलं की वजन त्या दोघांवर राहतं. मऊ गादीत माणूस रुततो, मागे कलतो, आणि सगळा भार माकडहाडावर येतो. बाळंतपणात तेच दुखावलेलं. झोपवून काढलेल्या फोटोत ते दिसलं नाही यात नवल नव्हतं. बसवून आणि उभं करून काढला तर कदाचित दिसेल. तोवर बैठक कडक हवी, मागच्या बाजूला खाच कापलेली. उठताना आधी पुढे झुकायचं. आतले स्नायू आखडलेत, ते सैल करायला श्वासाचे व्यायाम, आणि काही त्या हातानं सोडवतील. महिने लागतील, पण पुष्कळजणींना उतार पडतो. इंजेक्शनचं नंतर बघू.

"पण तुम्ही बाकाचं सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

आणि तेव्हा ती रडली. "बाहेर गेलं की दुखायचं नाही, घरात आलं की दुखायचं. मला वाटलं, घरात म्हणतात तेच खरं असणार. माझ्या मनाचंच असणार. ते कुणाच्या तोंडानं सांगू?"

धाकट्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. बायकोला दुखत होतंच, आणि वर ती स्वतःवरच संशय घेत बसली होती. एकाच घरातली दोन माणसं एकाच बाईवर पाळत ठेवून होती, आणि त्यातली एक ती स्वतःच.

परतताना ती वाटेत एवढंच म्हणाली, "पोस्टाच्या पेटीपासून बाक काही लांब नाही. तिथवर आला होतात, तर शेजारी येऊन बसायचं होतं. जागा होती."

घरी त्यानं कडक फोमचा तुकडा घेतला आणि मागच्या अंगाला खाच कापायला लागला. गादीला भोक पाडताहेत म्हणून बाबा आधी तणतणले. मग सगळं ऐकून घेऊन बराच वेळ फोम दाबून बघत बसले. शेवटी स्वतःच माळ्यावरून त्याहून कडक फोमची लादी काढून आणली आणि म्हणाले, "ही घे. तो तुकडा चार दिवसांत दबेल." सुनेची माफी मागणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मशीनवरची चादर मात्र त्यांनी आपल्या हातानं काढली.

उतार पडायला वेळ लागला. कधी चांगला आठवडा जाई, कधी पुन्हा ठणका लागे. पण ती मशीनवर बसू लागली आणि आईकडे जायचं नावही तिनं काढलं नाही. धाकट्याला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मग एका दुपारी मुलीला गाडीत घालून ती कारखान्याच्या दारात थांबली. सगळ्यांच्या देखत, अगदी साध्या आवाजात तिनं त्याला विचारलं, "आज बरोबर येताय, की मागून?"

हसला कुणीच नाही. धाकटा हातातलं काम टाकून उठला, आणि पायात असलेल्या चपला शोधू लागला.