बोनेटवर एक बुक्की

आजकाल बघायच्या कार्यक्रमात मुलाला आणि मुलीला पाच मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवतात. आमच्याकडेही पाठवलं असतं, पण त्या दिवशी गच्चीभर आईच्या कुरडया वाळत होत्या. स्थळं येतील आणि जातील, कुरडया ओल्या राहिल्या तर वर्ष वाया, असा आईचा हिशोब. त्यामुळे विंचूरहून मला बघायला आलेल्या समाधानशी माझं एक अक्षरही बोलणं झालं नाही.

बोलायचं काम काळूमामांनी उचललं होतं. काळूमामा म्हणजे समाधानच्या आईचे सख्खे भाऊ. पोह्यांची दुसरी बशी संपवता संपवता त्यांनी माझं शिक्षण, उंची, रंग सगळं पसंत करून टाकलं आणि मग बाबांकडे वळले.

"पोरगी दुकान चालवती म्हणं?"

"हो, पेठ रोडला. गाडीच्या सामानाचं," बाबा म्हणाले. "कॅमेरे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम. सगळं स्वतः बसवते."

"लय भारी. पण लग्नापर्यंतची हौस हाय ती. पुढं घर हाय, शेती हाय. काय पाव्हणं?"

"हौसच," म्हणत बाबांनी मान डोलावली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुकानाचं शटर पहिल्यांदा वर गेलं तेव्हा याच बाबांनी आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या झेंडूचं तोरण स्वतः ओवून बांधलं होतं आणि रस्त्यावरच्या माणसाला थांबवून पेढे दिले होते. पण पाहुण्यांसमोर बापाला खाली बघायला कसं लावायचं? मी रिकाम्या बशा उचलायला लागले. समाधान हातातल्या बशीकडे बघत होता. त्याच्या आईनं, मनीषाताईंनी, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी चहा मागितला. ते राहूनच गेलं.

आमच्याकडून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. आईनं मेथीच्या जुड्या आणि काकड्या पिशवीत भरल्या आणि मला पिटाळलं, "जा, ठेवून ये. डिकी उघडीच आहे म्हणाले."

डिकीत एक काळी पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा. मी ओळखली. गाडी बंद केली की समोरच्या काचेवरच्या डॅशकॅमची, म्हणजे रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, वीज जाते. ही वेगळी बॅटरी जोडली की तो बंद गाडीतही एक कान उघडा ठेवून झोपतो. गाडीला धक्का लागला की जागा होऊन चित्र आणि आवाज दोन्ही टिपून ठेवतो. बसवणाऱ्याला मात्र कोपरापासून हात जोडावेत. बॅटरी मागच्या काचेखाली, थेट उन्हात. वायरी गवताच्या पेंढीसारख्या सुतळीनं बांधलेल्या. नाशिकच्या मे महिन्यात असली बॅटरी फुगायला कितीसा वेळ!

मी पिशवी ठेवली, डिकी लावली आणि तिथंच उभी राहिले. घरात मला बोलायची सोय नव्हती. इथं ऐकणारा एक होता.

पुढं गेले. ड्रायव्हरच्या बाजूची काच गरमीमुळे चार बोटं खाली होती, म्हणजे आवाज आत जाणार. बोनेटवर एक बुक्की घातली. काचेमागं लाल दिवा लागला.

"नमस्कार, मी सृष्टी. मघाशी पोहे दिले ती," मी हळू आवाजात म्हणाले. "पहिली गोष्ट, तुमची बॅटरी उन्हात आहे, फुगेल. सीटखाली घ्या. दुसरी गोष्ट, दुकान माझी हौस नाही. माझं काम आहे, आणि लग्नानंतरही मी ते करणार. चालत असेल तर फोन करा. नसेल चालत, तर बॅटरी तेवढी सीटखाली घ्या."

"सृष्टे," आतून आई ओरडली, "मेथी ठेवतेयस की पेरतेयस?"

पाहुणे निघाले. समाधाननं गाडी सुरू केली आणि कॅमेऱ्यातली बाई इंग्रजीत खणखणीत बोलली, उभ्या गाडीला धक्का लागलाय. काळूमामा ताडकन खाली उतरले. दोन्ही बंपर तपासले, दारं तपासली, आणि शेवटी आमच्या शेळीकडे संशयानं बघत परत बसले. समाधाननं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गच्चीवरच्या कुरडया बघत राहिले.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा सारखे मोबाइल उलटसुलट करत होते, तेव्हा न राहवून मी सगळं सांगून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "मी हौस म्हणालो, म्हणून?"

"हो, म्हणून."

सकाळी मी दुकानावर पोचले तर शटरला झेंडूचं ताजं तोरण होतं. दसरा नाही, पाडवा नाही. मी बराच वेळ कुलूप उघडलंच नाही, नुसती बघत उभी राहिले.

त्याच दुपारी विंचूरची गाडी दुकानासमोर थांबली. समाधान एकटाच उतरला.

"बॅटरी सीटखाली घ्यायची होती," तो म्हणाला.

माझीच अट, माझ्याच शब्दांत. चालत नाही, हे कळवायला माणूस एवढ्या लांब आला. सभ्य आहे, मनात म्हटलं, आणि त्याचा रागही आला. पण काम ते काम. बॅटरी काढली, वायरी नीट गालिच्याखालून घेतल्या, सीटखाली पट्ट्यानं आवळली.

"चालतंय का बघा ना," तो म्हणाला. "शेवटचं रेकॉर्डिंग लावा."

मी लावलं. पडद्यावरचं अंगण आमचं नव्हतं. बोनेटसमोर मनीषाताई उभ्या होत्या, फोटोला उभं राहावं तशा, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

"सृष्टी, तुझं बोलणं आमी गाडीतच ऐकलं," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ तुझ्या वतीनं बोलला. माझ्या वतीनं तर तो कायमच बोलतो. लग्नाआधी मी शिवणकाम करायची. मशीन अजून हाय, वर गाद्या रचल्या होत्या. काल त्या गाद्या खाली काढल्या. तू दुकान सोडू नको. नाशिकला ये-जा कर, नायतर इथं दुसरं टाक. तुझं तू ठरव."

मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बोनेटवर जोरात बुक्की मारली. कॅमेरा बंदही तसाच करायचा असतो, असं त्यांना वाटलं असावं.

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी तोंड फिरवून हात पुसत बसले.

"हे आईंचं झालं," मी शेवटी म्हणाले. "तुमचं काय?"

"मला मुलगी दुकानासकट पसंत आहे," समाधान म्हणाला. "हे मी कॅमेऱ्यात नाही बोललो, समोर येऊन सांगायचं होतं. पण तुम्हाला मी पसंत आहे का, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही."

त्यानं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"इथं कुरडया वाळत नाहीयेत," तो म्हणाला. "सावकाश सांगा."