इगावा रडले होते

कुझुमी यांनी अखेर सगळ्या टोकियोसमोर वाकून माफी मागितली आणि ती उत्तम वठली. पण ती मागितलीच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. स्वतः कुझुमीही तसंच धरून चालतात, आणि त्यांचं ब्लडप्रेशर सध्या बरं आहे.

तर, कुझुमी हे शोधपत्रकार. उमेदीच्या काळात त्यांनी ‘आजीच्या हातच्या’ माशाच्या वड्यांचं प्रकरण बाहेर काढलं. पाकिटावर हसणारी आजी मुळात नव्हतीच. फोटोत पांढऱ्या केसांचा टोप घालून बसले होते ते कंपनीचे मालक इगावा. कंपनी बुडाली. कुझुमींना बक्षीस म्हणून परदेशी धाडण्यात आलं. कैरो, मनिला, नैरोबी. तिथे त्यांनी राज्यकर्ते पळताना पाहिले, कधी त्यांच्या मागे, कधी त्यांच्या पुढे पळत. निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक लिहिलं. बातमी दुसऱ्या दिवशी कपबश्या गुंडाळायला जाते, हे त्यांनी स्वतःच्या घरीच पाहिलं होतं. पुस्तकात कोणी कपबश्या गुंडाळत नाही.

घोटाळा केला तो एका वाक्याने. वड्यांच्या प्रकरणात इगावांनी पत्रकारांसमोर जी माफी मागितली, तिच्याबद्दल कुझुमींनी पुस्तकात लिहिलं होतं, ‘इगावा रडले.’

आणि इगावा तर आता माफी शिकवत होते. टोकियोतल्या कांदा नावाच्या भागात, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. बँका, हॉटेलं, औषधवाले, जो कोणी पकडला जाई तो वाकायला शिकायला त्यांच्याकडे येई. क्लासचा पहिला नियम भिंतीवरच रंगवलेला होता: रडायचं नाही. पुस्तक बाजारात आलं आणि एका विमा कंपनीने आपली अख्खी तुकडी काढून घेतली. इगावांनी प्रकाशकाला कळवलं, जाहीर माफी, नाहीतर कोर्ट.

“साहेब, मागून टाका ना,” संपादक हानाबुसाबाई म्हणाल्या. “नाहीतर सगळ्या प्रती परत मागवून लगदा करायचं ठरलंय वरती.”

“पण ते रडले होते.”

“असतील.”

“बाई, मी पहिल्या रांगेत होतो. ते वाकले तेव्हा थेंब माझ्या बुटावर पडला.”

“बुटाला कोर्टात उभं करणार आहात का? दुसरा साक्षीदार आणा.”

दुसरा साक्षीदार एकच होता. शिवाय कुझुमींना माफी मागता येत नव्हती. पळालेल्या राज्यकर्त्यांपैकी एकानेही ती मागितली नसल्याने परदेशातला अनुभव कुचकामी होता. दोन्ही कामांसाठी पत्ता एकच निघाला, म्हणून माफीला जाताना न्यायची ती जड मिठाई घेऊन ते कांदाला गेले.

इगावांनी आधी खोकं हातात तोलून पाहिलं. “वजन बरंय. हलकी मिठाई आणतात काही लोक. निर्लज्ज.”

“इगावासाहेब, तुम्ही रडला होतात की नव्हतात?”

“रडलो होतो की.”

“मग?”

“मग काय? अहो, खोट्याची माफी कोणीही मागेल. खऱ्याची मागायला क्लास लागतो. या, उभे राहा. मान नको, कमरेतून.”

कुझुमी वाकले. त्याच अवस्थेत, चटईकडे बघत त्यांनी विचारलं, “का रडलात?”

इगावांनी मिठाईचं खोकं बाजूला ठेवलं. “आजी नाहीच म्हणून छापलं होतंत ना तुम्ही. सवय झाली होती हो मला तिची. सकाळी माझ्या आधी तीच उठायची.”

“हे मला पुस्तकात घालता आलं असतं.”

“गुडघे वाकताहेत तुमचे. पुन्हा.”

कुझुमी घरी निघाले तेव्हा त्यांच्याकडे पक्की झालेली बातमी होती, आणि ती खोटी असल्याचं त्यांना जाहीर करायचं होतं. नाहीतर पुस्तकाचा लगदा. बातम्या त्यांनी पुष्कळ दिल्या होत्या. पुस्तक एकच होतं.

“इगावा रडले नव्हते,” ते कॅमेऱ्यांसमोर म्हणाले. “ते अश्रू माझ्या कल्पनेतले.” आणि कमरेतून वाकले. डोळे कोरडे, गुडघे ताठ. मागच्या रांगेत इगावांनी समाधानाने मान हलवली.

पुस्तक लगद्यातून वाचलं. फक्त दुकानदारांना प्रश्न पडला, अश्रू कल्पनेतले असतील तर टोप घातलेला मालक तरी खरा कशावरून? कैरो, मनिला, नैरोबीसकट पुस्तक उचलून त्यांनी कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवलं. तिथे ते धडाधड खपलं. हानाबुसाबाईंनी नव्या आवृत्तीला कागदी पट्टी गुंडाळली: ‘काय ही कल्पनाशक्ती!’ आणि शरद ऋतूत त्याला नवोदित कादंबरीकाराचा पुरस्कार जाहीर झाला.

“अभिनंदन, साहेब!” बाईंचा फोन आला. “भाषणात तेवढं पत्रकारितेचं काढू नका हं. लोकांना खोटं वाटेल.”

कुझुमींनी फोन ठेवला आणि पुरस्कार समितीला अर्ज लिहायला घेतला:

‘अर्जदाराने आयुष्यात एकही गोष्ट मनाने रचलेली नाही (अपवाद: जाहीर माफी). सबब, समितीने अर्जदाराची रीतसर तपासणी करून, त्यास कल्पनाशक्ती नसल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी, शक्यतो समारंभापूर्वी, देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.’