बायकांच्या मापाचं पिस्तूल

व्हर्जिल टॅकेटने काउंटरवर पहिलं पिस्तूल ठेवलं ते जांभळ्या रंगाचं होतं. मी त्या पिस्तुलाकडे बघितलं, मग व्हर्जिलकडे बघितलं. माझ्या वाढदिवसाचा केक आणून ठेवल्यासारखा तो खुशीत हसत होता.

"खास बायकांसाठी," तो म्हणाला. "हातात तर घेऊन बघ. वजनच नाही त्याला."

"व्हर्जिलकाका, मला पर्सला मॅचिंग नकोय. मला ते चालवता आलं पाहिजे आणि ते कुणाला दिसता कामा नये. एवढंच."

"अगं, छोटं आहे म्हणजे दिसणार नाहीच की!"

स्टुलांवर बसलेले दोघे हसले. त्या दुकानात शनिवारी सकाळी बंदूक घ्यायला कमी आणि फुकटची कॉफी प्यायला जास्त माणसं येतात. त्या दिवशी एस्टिल होता, जो माझ्याबरोबर शाळेत होता, आणि म्हातारा बर्ल होता, जो आमच्या चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो. दोघांच्याही कमरेला पिस्तूल होतं आणि दोघांचंही काळं, जाडजूड, माझ्या पंजापेक्षा मोठं होतं. जांभळं एकाकडेही नव्हतं.

मी ट्वायला प्रेटर. केंटकीच्या या डोंगरांत दऱ्यादऱ्यांतून गाडी फिरवायची, म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या, साखर तपासायची, त्यांच्या मुलांच्या तक्रारी ऐकायच्या, हे माझं काम. वसंतात मी नवऱ्याला, गार्लंडला, घराबाहेर काढलं. तो पलीकडच्या डोंगरावर आईकडे राहायला गेला, पण गेला असं म्हणायचं आपलं. मी ज्या पेशंटकडे जायची त्याच्या रस्त्याच्या तोंडाशी त्याचा ट्रक उभा असायचा. काही बोलायचा नाही. नुसता दोन बोटं वर करून नमस्कार करायचा. न्यायाधीशाने त्याला माझ्यापासून लांब राहायचा आदेश दिला होता, तो उन्हाळ्यात संपला. वाढवून मागायला गेले तर साहेब म्हणाले, आदेश असताना त्याने काहीच केलं नाही, मग आदेश हवा कशाला? हे गणित मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

म्हणून मी दुकानात आले होते. हौस म्हणून नाही.

मी जांभळं उचललं. पिस्तूल भरायचं तर वरची स्लाइड मागे ओढावी लागते. मी ओढली. ती जागची हलली नाही. पुन्हा ओढली, तेव्हा अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"अंगठ्याने आणि बोटाने चिमटीत धर," बर्ल म्हणाला.

"अंगठा वाकत नाही माझा."

माझा उजवा अंगठा गाडीच्या दारात सापडला होता हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि दार कोणी लावलं होतं हेही सगळ्यांना माहीत आहे. एस्टिलने कॉफीत साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसला.

मला संताप कशाचा येतो ते सांगते. पिस्तूल जेवढं छोटं, तेवढी आतली स्प्रिंग कडक. धरायला जागा नाही, करंगळी हवेत लोंबकळते, आणि वजनच नसल्यामुळे गोळी सुटली की सगळा दणका मनगटात. म्हणजे चालवायला सगळ्यात अवघड पिस्तूल म्हणजे सगळ्यात छोटं. हे त्या दुकानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी बाई दारातून आत आली की ह्यांचा हात आपोआप त्याच खणाकडे जातो. मग ती बिचारी एकदा झाडते, घाबरते, आणि ते पिस्तूल जन्मभर पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतं. नवरा सगळ्यांना सांगत फिरतो, बायकोला नाही जमत बुवा.

"ते काळं काढा," मी म्हटलं. "बर्लसारखं."

"ते तुला जड होईल, पोरी."

"मी नव्वद किलोचे म्हातारे कुशीवर वळवते, काका. काढा."

त्याची स्लाइड लोण्यासारखी मागे आली. मूठ हातात गच्च बसली. मला इतकं बरं वाटलं की मी हसलेच. पण ते कमरेला खोचून नर्सचा सदरा खाली सोडला तर पोटावर टेंगूळ आल्यासारखं दिसायला लागलं.

"चालून दाखव," व्हर्जिल म्हणाला. मी चालले. "वाक." मी वाकले. "आता वरच्या फळीवरचं काहीतरी काढ." मी हात वर केला आणि सदरा वर सरकून अख्खी मूठ बाहेर आली.

"पाठमोरी वळ की गं," एस्टिल म्हणाला. "मागून कसं दिसतंय तेही बघायला हवं."

"तुझ्या बायकोला फोन लावते, एस्टिल. तिला सांगते की तू इथे मागून काय बघत बसतोस."

बर्ल खोकेपर्यंत हसला. मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला? तीन पुरुषांसमोर मी गोल फिरून दाखवत होते, लग्नाचा झगा घालून बघायला आल्यासारखी. आणि कशासाठी, तर त्यांच्यातल्याच एकापासून जीव वाचवायला. माझे कान तापले होते.

शेवटी मीच काचेखाली बघत बघत एक मधलं शोधून काढलं. तीन बोटं पुरतील एवढी मूठ, चपटी बांधणी, आणि स्प्रिंग मुद्दाम नरम केलेली. अंगठा बाजूला ठेवून वरून चारही बोटांनी स्लाइड धरली की ती मुकाट्याने मागे येत होती. पुढे, पोटाच्या उजव्या बाजूला खोचलं तर सदऱ्याखाली काही दिसत नव्हतं. वाकले, बसले, वर हात केला. नाही दिसलं.

माझ्यावर काही गुन्हा नाही ना, याची फोनवरची सरकारी तपासणी झाली. व्हर्जिल पिशवी बांधत होता तेव्हा मी आवाज खाली केला.

"ही गोष्ट या दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. आमच्या ऑफिसला कळलं तर नोकरी जाईल. आणि गार्लंडला तर अजिबात कळता कामा नये. त्याला माहीत नाही, हाच माझा सगळा आधार आहे. कळलं तर हे घेऊन उपयोग काय?"

व्हर्जिलने छातीवर हात ठेवला. "तुझ्या बापाबरोबर खाणीत उतरलोय मी. तोंडाला कुलूप." बर्लने मान हलवली. एस्टिलनेही हलवली.

पुढचे काही दिवस मी कामावरून सुटले की जुन्या खाणीच्या सपाटीवर जायची, खोक्याचा पुठ्ठा दगडाला टेकवायची आणि हात दुखेपर्यंत गोळ्या झाडायची. आधी पुठ्ठ्याला लागेना. मग कडेला लागली. मग मधे लागायला लागली. गार्लंडचा ट्रक रस्त्याच्या तोंडाशी दिसला की पूर्वी मी मान खाली घालून गाडी दामटायची. आता मी त्याच्या नमस्काराला मान हलवून पुढे जायला लागले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. त्याला न सांगता आपण काहीतरी केलंय, याचीच मजा.

रविवारी दुपारी मी ओसरीच्या झुल्यावर बसून वाळवणासाठी सफरचंदं सोलत होते. ट्रक आला आणि पायरीशी थांबला. गार्लंड उतरला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, चर्चमधून थेट आला होता. पायरी चढला नाही. गोळ्यांचा एक छोटा खोका त्याने खालच्या पायरीवर ठेवला.

"व्हर्जिलने तुला दिलेल्या गोळ्या कागदाला भोकं पाडायच्या," तो म्हणाला. "या घे. या माणसाच्या अंगात शिरल्या की फुलतात."

माझ्या एका हातात सफरचंद होतं, दुसऱ्यात सुरी होती.

"छान निवडलंस. तुझ्या अंगठ्याचं काही खरं नाही, तेव्हा नरम स्प्रिंग हवीच." तो इतक्या प्रेमाने बोलत होता की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं नवरा-बायकोचं जमलं वाटतं पुन्हा. "पोटाशी ठेवतेस ना, उजवीकडे? तिथे नको ठेवूस, राणी. माणूस बसलेला असला की तिथून पटकन निघत नाही."

मग तो माझ्याकडे बघून हसला.

"आत्ता तू बसलेलीच आहेस."

ट्रक वळवून तो निघून गेला. माझा हात पिस्तुलाकडे गेलाच नाही. सदऱ्याच्या कडेपर्यंतसुद्धा गेला नाही. झुला कुरकुरत होता आणि मला वाटत होतं की कुणीतरी दुसरंच तो हलवतंय.

भीती ओसरली तेव्हा तिच्या जागी जो राग आला, तसा राग मला अंगठा मोडला त्या दिवशीही आला नव्हता. गार्लंड काय आहे ते मला माहीत होतं. पण व्हर्जिल? माझ्या बापाच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस!

सोमवारी दुकान उघडताच मी आत शिरले. तेच तिघे, तीच कॉफी.

"ये ये, कसं चाललंय पिस्तूल?" व्हर्जिल म्हणाला.

"गार्लंडला विचार. त्याला सगळं माहीत आहे."

काका म्हणायचं मी विसरले होते आणि ते त्याच्या लक्षात आलं. तो टॉवेलने काच पुसायला लागला.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. बुधवारी आला होता, त्याला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, तिच्याकडे आता हत्यार आहे, लांब राहा बाबा. पुरुषाने पुरुषाला दोन शब्द सांगितले की फरक पडतो. तुमच्या कोर्टाबिर्टापेक्षा जास्त."

"आणि मी ते कुठे ठेवते ते?"

"विषय निघाला."

"स्प्रिंग नरम आहे ते?"

"ट्वायला, तो तुझा नवरा आहे. काळजीने विचारत होता. त्याचे डोळे भरून आले होते."

"त्याचे डोळे भरतातच!" मी ओरडले. "दार लावल्यावरसुद्धा भरले होते! तोच मला दवाखान्यात घेऊन गेला, रडत रडत! तुला काय सांगितलं होतं मी? एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. बंदूक तर मी कुठूनही घेतली असती. तू गप्प राहशील म्हणून तुझ्याकडे आले."

"आवाज जरा—" बर्ल म्हणाला.

"बर्ल, तू बोलू नकोस. रविवारी त्याच्या शेजारी बसून भजनं म्हणतोस."

मी श्वास घेतला. मग मला जे सुचलं ते मी अगदी शांतपणे विचारलं.

"बरं. त्याला माझं सगळं सांगितलंस. आता मला त्याचं सांग. तोही तुझ्याकडूनच घेतो. त्याच्याकडे काय काय आहे? कमरेला ठेवतो की पायाला? ट्रकमध्ये कुठे असतं?"

व्हर्जिलला खरोखरच धक्का बसला. त्याने टॉवेल खाली ठेवला.

"ते मी कसं सांगणार, पोरी? गिऱ्हाइकाची खासगी गोष्ट असते. गुरुवारी त्याने काय नेलं ते मी तुला सांगत बसलो, तर उद्या या दुकानात पाय कोण ठेवील?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

एस्टिल कॉफीच्या कपात बघत होता.

"बुधवारी त्याला सांगितलंस आणि गुरुवारी त्याला विकलंस."

"तपासणीत काही आलं नाही," व्हर्जिल पुटपुटला. "त्याच्यावर काही गुन्हा नाही. मी नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने," मी म्हटलं. "नाही तोंडाने म्हणतात. त्यालाही फिरवून बघितलंत का रे तिघांनी? मागून कसा दिसत होता?"

कुणी हसलं नाही. मला त्या तिघांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. कॉफीचं भांडं हाताशीच होतं. पण फेकलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं की गार्लंडची बायको वेडी आहे, आणि मग त्याच्या हातून जे काही होणार होतं ते लोकांना समजण्यासारखं वाटलं असतं. म्हणून मी भांड्याला हात लावला नाही.

मी बाहेर आले. गाडीत बसूनच ऑफिसला फोन केला की आजचे पेशंट दुसऱ्या कुणाला द्या, उद्याचेही द्या. घरी गेले नाही. घरातून न्यायचं असं होतं तरी काय, सोललेली सफरचंदं? किल्ली फिरवत होते तेवढ्यात व्हर्जिल धापा टाकत बाहेर आला आणि काचेवर टकटक करायला लागला.

"ट्वायला, अगं कुठे निघालीस? निदान मला तरी सांगून जा. मी कुणाला सांगणार नाही. काळजी वाटते गं तुझी."

खरंच वाटत होती. त्याच्या डोळ्यांत दिसत होती. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मी काच खाली केली नाही.

मी कोणत्या रस्त्याला लागले, कुणाच्या दारात जाऊन उभी राहिले, आता कोणत्या गावात राहते आणि कोणत्या नावाने, पिस्तूल अजून बाळगते की नाही, बाळगत असले तर कुठे, हे तुम्हालाही सांगणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चांगली माणसं असाल. व्हर्जिलही चांगलाच माणूस आहे.