उघडा माइक

ग्रीसमधल्या व्होलोस शहरातला स्टॅमातिस संगणकावरचं विमान हल्ली तोंडी हुकुमावर उडवायचा. घरात त्याचं ऐकणारं तेवढं एकच, असं डेस्पिना, त्याची बायको, म्हणे. हुकुमासाठी माइक सतत उघडा ठेवावा लागे. पण त्याच माइकवरून आपापल्या घरी बसून उडवणाऱ्या साऱ्या मित्रांनाही ऐकू जातं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या मित्रांपैकीच एकजण टॉवरवर बसे, म्हणजे विमानांना चढा-उतरायच्या सूचना देई.

डेस्पिना कॉफी ठेवत म्हणाली, "आज टॉवरवर कोण?"

"अर्गिरिस! त्याला कोण विचारतंय गं? बायको सोडून गेली, संध्याकाळी जायला घर नाही, म्हणून कीव येऊन खेळात घेतो आम्ही त्याला."

 हेडफोनमध्ये कुणीतरी खाकरलं. "स्टॅमातिस, अरे, तुझा माइक..."

स्टॅमातिसची कानशिलं तापली. तेवढ्यात अर्गिरिसचा नेहमीचा शांत आवाज आला, "तुला उतरायला परवानगी आहे. वारा डावीकडून."

टॉवरने सांगितलेलं वैमानिकाने मोठ्याने परत म्हणायचं, हा मंडळींचा नियम. स्टॅमातिसने ते कसंबसं म्हटलं. मग पुटपुटला, "चाकं खाली." त्या दबक्या आवाजाला यंत्राने ओ दिली नाही.

"मोठ्यानं बोल की रे," अर्गिरिस म्हणाला, "मघाशी चांगला खणखणीत होतास."

कुणीही हसलं नाही. एक बटण दाबलं असतं तरी चाकं उतरली असती. पण विमान पोटावर घासत थांबेपर्यंत स्टॅमातिसचे हात मांडीवरून हलले नाहीत.